आंब्याची अब्रू

बोईसरच्या आमच्या कारखान्यात मुलांच्या आकडीवरचं सिरप तयार होत होतं. डोस चुकला की मुलाला झटका येण्याची भीती. त्याला आंब्याची चव मी दिलेली, त्यामुळे मी नव्या जावयासारखा मिरवत होतो.

सिरपच्या चाचणीत घेतलेल्या मुलांच्या आयांना आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी चहाला बोलावलं. मी ऐटीत विचारलं, "कसं आहे औषध?"

"चांगलं हाय," सगळ्या म्हणाल्या. मी फुललो. बाईंना मात्र खाली गेलेल्या नजरा दिसल्या. ज्याचा चहा प्यायचा, त्याच्याच वस्तूला नावं कोण ठेवणार?

बाईंनी चमचाभर सिरप तोंडात घातलं आणि तोंड असं काही वाकडं केलं, की सगळ्या खो खो हसल्या. मग उमरोळीची एक आई म्हणाली, "बाई, पोरगा थुकून टाकतो. आता खरा आंबा दाखवला तरी पळतो!"

मी टेबलाखाली जागा शोधू लागलो. बाईंनी तिच्या कपात स्वतः चहा ओतला आणि मला म्हणाल्या, "चला साहेब, आंब्याची अब्रू वाचवायचीय!"

पुढची प्रत्येक चव आधी त्या आयांनी पारखली. उमरोळीच्या पोराने चमचा चाटला, तेव्हा बाईंनी पहिली टाळी मला दिली.