माझ्या बहिरेपणाची बातमी

केजला खता-बियाण्यांच्या एका दुकानात मी बिलं करते. घर नांदूरघाटला, त्यामुळं रोज काळीपिवळीनं जाणं-येणं. जीपमधली जागा संपली तरी माणसं चढायची थांबत नाहीत. ड्रायव्हरची गाणी चालू असतात, मागं कुणीतरी मोबाइलचा स्पीकर लावून जमिनीच्या वाटणीवर बोलत असतं आणि सगळे त्याला सल्ला देत असतात.

माझा नवरा परळीला, थर्मलच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडं फिटर आहे. आठवड्यातून एकदा घरी येतो. मागल्या दिवाळीला त्यानं मला बिनवायरचे इअरबड्स आणून दिले. काळे, करडईच्या बोंडाएवढे. कानात घातले की बाहेरचा आवाज बंद होतो, असं डबीवर लिहिलं होतं. डबीवर लिहिलेलं खरं निघालं, याचं मला नवल वाटलं.

तेव्हापासून मी जीपमध्ये पॉडकास्ट ऐकायला लागले. पुण्याच्या दोन बायका एकमेकींशी बोलायच्या. विषय बहुतेक एकच, बाईनं स्वतःसाठी वेळ काढला पाहिजे. माझ्या मांडीवर कुणाचातरी तेलाचा डबा आणि पायाखाली पेंडीचं पोतं असायचं. मी मन लावून ऐकायचे.

धुळीमुळं तोंडाला स्कार्फ असायचा, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. एके दिवशी स्कार्फ घसरला. शेजारी आमच्याच गल्लीतली बाई बसली होती. ती माझ्याशी कितीतरी वेळ बोलत होती म्हणे. मी उत्तर दिलं नाही तेव्हा तिनं वाकून माझ्या कानात बघितलं.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला, तोंड माझ्या तोंडासमोर आणलं आणि सावकाश विचारलं, "भा-कर खा-ती-स का?"

"खाते की," मी म्हणाले.

"वठावरून कळतंय हिला," आत्या मागं उभ्या असलेल्या शेजारणीला म्हणाल्या.

मी डबी काढून दाखवली. "आत्या, हे बहिऱ्याचं मशीन न्हाई. गाणी ऐकायचं हाय."

"गाणं काय, समदेच कानानं ऐकतेत," आत्या म्हणाल्या आणि मला पाणी आणून दिलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला पाणी आणून दिल्याचं मला आठवत नाही.

दोन-तीन दिवसांत सगळ्या पाहुण्यांना कळलं. एका चुलत सासूनं फोन करून विचारलं की, हे लग्नाच्या आधीपासूनचं आहे का, पोरीकडच्यांनी सांगितलं होतं का. आत्यांनी माझी बाजू घेतली. "आमच्या सुनंला कमी ऐकू येत आसंल, पन कामाला लई वाघ हाय," असं त्या म्हणाल्या. मी शेजारीच भांडी घासत होते. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तसं सांगायचा मी पुन्हा प्रयत्न केला नाही, कारण प्रत्येक वेळी आत्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मामा, म्हणजे माझे सासरे, या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. ते शेळ्या-मेंढरं राखतात. पहिल्यापासूनच अबोल, असं घरात सगळे धरून चालायचे. आत्यांचा आवाज मोठा, मामांचं बोलणं कमी, आणि त्यावर संसार ठीक चाललेला.

रविवारी सकाळी मी गोठा झाडत होते. मामा करडाला धरून आले आणि माझ्याजवळ उभे राहिले. इकडंतिकडं बघितलं.

"तुला कवापासून येईना ऐकू?" त्यांनी हळूच विचारलं.

मी काही बोलायच्या आत तेच पुढं बोलू लागले. "माजं तर लई दिस झालं. पयली म्होरच्या शेळीची घंटी गेली. मला वाटलं, घंटीच बिघडली. दुसरी आनून बांधली, ती बी वाजंना. मंग कळलं." ते करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "चार मानसं बोलाया लागली की मी हासतो. चुकीच्या जागी हासलो की तुजी आत्या डोळं वटारती. कुनाला सांगू नगं बरं का. म्हातारा झाला म्हनतेल आन शेळ्या इकाया लावतेल. तुला म्हून सांगितलं. आपलं दोगांचं सारकंच."

लग्नानंतर मामा माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. खोटं बोलवत नव्हतं.

"मामा, मला ऐकू येतंय," मी म्हणाले.

"आँ?"

"मला ऐकू येतंय! हे गाण्याचं हाय!"

आता हे त्यांना ऐकू जायला मला ओरडावंच लागलं. त्यामुळं आत्या पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या. मामांनी माझ्याकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं, शेळ्या सोडल्या आणि चहा न घेता निघून गेले. मी का ओरडले ते सांगताना, मामांना ऐकू येत नाही हे आत्यांना सांगावंच लागलं. त्या तशाच उंबऱ्यावर बसल्या. "मी आपली वरडत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मुद्दाम लक्ष देत न्हाईत."

तो दिवस मला जड गेला. माणसानं एवढ्या विश्वासानं सांगावं आणि आपण गोठ्यातून ओरडून ते उघडं पाडावं.

दिवस कलल्यावर मामा परत आले. शेळ्या बांधून, हातपाय धुऊन सरळ माझ्याकडं आले. "दाव बरं ते काय हाय."

मी बड्स त्यांच्या कानात बसवले आणि आवाज पुरा वाढवला. आदल्या दिवशी जीपमध्ये जिथं थांबवलं होतं तिथून पुण्याच्या बायका बोलायला लागल्या. मामा खांबाला हात लावून उभे राहिले.

"ह्या कोन?"

"पुन्याच्या हायेत, मामा."

"सोतासाटी येळ काडा म्हनतेत."

मी मान हलवली.

"कावून?"

का म्हणून विचारलं खरं, पण मामांनी कानातलं काढलं नाही. खाली बसून शेवटपर्यंत ऐकलं. मग काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वरडत न्हाईत बाया. नीट बोलतेत."

पुढच्या आठवड्यात नवऱ्यानं परळीला कानाच्या डॉक्टरांकडं नंबर लावला. मीही सोबत गेले. मामांना काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की हात वर करा म्हणून सांगितलं. मामा ठरावीक वेळानं हात वर करत राहिले. डॉक्टर बुचकळ्यात पडले, कारण आवाज अजून सोडलाच नव्हता. विचारल्यावर मामा म्हणाले, "तुमी एवढी मेहनत घेऊन राह्यलात, म्हून म्हनलं." मग तपासणी पुन्हा, पहिल्यापासून.

मशीन मिळालं. दवाखान्यातून बाहेर पडून आम्ही स्टँडकडं चालत होतो. थर्मलच्या राखेचे टँकर धडधडत जात होते, पण मामा खाली बघत थांबले.

"हे काय वाजायलंय?"

मी टँकरकडं बघितलं. ते दोन पावलं चालले, पुन्हा थांबले. त्यांच्या वहाणा करकरत होत्या.

"रोजच वाजत आसतील का?" त्यांनी विचारलं.

"रोजच वाजतेत, मामा."

घरी आल्यावर आत्यांनी नेहमीच्या आवाजात "काय म्हनला डाक्टर" असं विचारलं. मामांनी कानावर हात ठेवला. "हळू बोल की." आत्यांना हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्या बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून इतक्या हळू बोलू लागल्या की, गल्लीतली तीच बाई घरात कुणी आजारी आहे का बघायला आली. आमच्या घरातलं काहीच कळेना म्हणाली.

मशीन लावून मामा पहिल्यांदा शेळ्या घेऊन गेले, त्या दिवशी आत्या दोनदा दारात जाऊन बघून आल्या. ते आले, शेळ्या बांधल्या, चहा घेतला. शेवटी आत्यांनीच विचारलं.

"येती घंटी," मामा म्हणाले. मग म्होरच्या शेळीपुढं ते बराच वेळ बसून होते.

या उन्हाळ्यात नात्यातलं एक लग्न झालं. मांडवाला लागूनच डीजेची गाडी लावली होती. ताटातली आमटी थरथरत होती, माणसं एकमेकांना खुणेनं भात वाढायला सांगत होती. माझं डोकं दुखायला लागलं. मी मामांना शोधलं, तर ते स्पीकरच्या अगदी समोर, एकटेच पंगतीला बसून निवांत बुंदी खात होते. मशीन काढून त्यांनी वरच्या खिशात ठेवलं होतं. मला बघितल्यावर त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली आणि वाढप्याला माझ्यासाठी ताट आणायची खूण केली.