नव्वद ग्रॅम

हे मी मंदारलाही सांगितलेलं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. आमच्यात लपवाछपवी नाही असं तो चारचौघांत कौतुकाने सांगतो — आणि मी शेजारी बसून मान डोलावते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही निल्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी आयर्लंडमध्ये, ड्रोहेडा गावाजवळ राहते, औषधं बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये काम करते. कामाबद्दल थोडं सांगायला हवं — की आपला दोष कामावर ढकलायची ही पहिली पायरी आहे? असो. आमच्याकडे प्रत्येक बॅचच्या शेवटी मेळ घालतात: आत किती गेलं, बाहेर किती आलं. मेळ बसला नाही की चौकशी. आणि चौकशीत ‘आपोआप कमी झालं’ हे उत्तर चालत नाही, कोणीतरी काहीतरी केलेलं असतंच. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरातल्या साखरेच्या डब्याकडेही पोलिसाच्या नजरेने बघतो. माझा स्वभाव मुळातच संशयी. नोकरीने त्याला खतपाणी घातलं, इतकंच.

आणि छंद? दारू गाळण्याचा. हसू नका. शेजारच्या फिन्टनच्या झाडाची सफरचंदं दरवर्षी टोपल्या भरभरून यायची. मुरंबे तरी किती करणार? त्यांचा रस आंबवून मी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, एका लहानशा तांब्याच्या भांड्यात गाळायचे. नागपुरात हिला हातभट्टीची म्हणतात, इथे पॉचीन म्हणतात, आणि परवान्याशिवाय दोन्हीकडे गुन्हाच. पिण्यात मला फारसा रस नव्हता. थेंब-थेंब पडताना बघायचा नाद होता. फिन्टननेच ओकचं एक छोटं पिंप दिलं होतं, पाच लिटरचं. त्यात ती मुरत ठेवली की हळूहळू मधासारखा रंग धरते. त्या पिंपात माझा जीव होता, हे कबूल करते.

निलेश — निल्या — माझा धाकटा भाऊ. दारूने त्याची नोकरी गेली, स्कूटर गेली, दोनदा हॉस्पिटल झालं. मग एक दिवस त्याने सोडली. आठ महिने झाले होते सोडून, तेव्हा स्वातीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. “तीन महिने तुमच्याजवळ राहू द्या, ताई. इथले दोस्त त्याला सुखाने राहू देत नाहीत.” आणि मग, अगदी शांतपणे, “आता एक थेंब जरी घेतला ना, तर मी ओवीला घेऊन अकोल्याला माहेरी जाईन. कायमची.” ओवी, त्यांची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती. स्वाती बोलते ते करते, हे मला ठाऊक होतं.

शहाण्या बाईने ते पिंप मोरीत रिकामं केलं असतं. निदान फिन्टनकडे ठेवलं असतं. मी काय केलं? लपवलं. निल्याला हात बांधून बसवत नाही, तो गवत कापायचं यंत्र घ्यायला शेडमध्ये जाणार हे नक्की. म्हणून पिंप घरात आणलं, हॉट प्रेसमध्ये. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपाट असतं ते; टॉवेल, चादरी त्यात उबेला ठेवतात. तिथे सगळ्यात खाली, जुन्या रजयांच्या मागे. त्याआधी वजन केलं. विमानतळावर जायच्या आधी बॅगा तोलायचा तो हातातला काटा असतो ना आपल्या प्रत्येकाकडे? त्याला दोरीने टांगून.

निल्या आल्यावर आठवड्याने पुन्हा तोललं. नव्वद ग्रॅम कमी.

दोनदा तोललं, तीनदा तोललं. नव्वद. पुढच्या शनिवारी पुन्हा जवळजवळ तेवढंच. शेडमध्ये असताना असं कधी झालं नव्हतं. घरात नवीन काय आलं होतं? माझा भाऊ.

तिथून मी त्याच्यावर पाळत ठेवली. तो जेवायला बसला की पाणी वाढायच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घ्यायचे. पिंपाच्या बुचावर शिवणाचा दोरा आडवा ठेवायचे. दोरा जागचा हलत नव्हता — तर मी म्हणायचे, बघा किती सराईत आहे! एकदा आंघोळीहून येताना तो म्हणाला, “ताई, टॉवेलला कसला वास येऊन राहिला ग?” हातातला टॉवेल त्याने लांब धरला होता. चेहरा उतरला होता. मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. तोंडाने म्हटलं, नवीन साबण आहे.

रोज सकाळी त्याच टॉवेलने तो तोंड पुसत होता. आठ महिने कोरडा राहिलेला माणूस. आणि सरळ येऊन मला विचारत होता.

मुद्द्यावर येते. येतेच आहे. चौथ्या आठवड्यात, एका दुपारी, तो फिन्टनच्या कुंपणाला रंग देत असताना मी गाडीत बसून स्वातीला फोन केला. म्हटलं, निल्या पुन्हा घ्यायला लागलाय. ‘मला वाटतं’ असंही म्हटलं नाही. ‘पुरावा आहे’ म्हटलं. ती एवढंच म्हणाली, ‘बरं.’ आणि मी तिला बजावलं — माझं नाव येऊ देऊ नकोस. तिने तसा शब्द दिला. दारू कुठून आली हेही मी सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. माझ्या घरात ती असेल, तीसुद्धा मीच गाळलेली, हे तिच्या डोक्यात कसं यावं?

इथे संपलं असतं, तर मी संशयी बाई म्हणून सुटले असते. चूक झाली म्हटलं असतं.

निल्या परत जायला तेरा दिवस होते. कुंपणापाशी मी फिन्टनला सहज विचारलं, बूच न हलवता पिंपातून कोणी काढू शकतं का? त्याने विचारलं, ठेवलंयस कुठे? मी सांगितलं, तसा म्हातारा खदाखदा हसला. “हॉट प्रेसमध्ये? अगं, लाकूड श्वास घेतं. उबेत तर फारच. शेडमध्ये ग्रँड होतं ना तुझं पिंप!”

माझ्यासारखीने हे ऐकायला म्हाताऱ्याकडे जावं? बाष्पीभवन म्हणजे काय हे मी नव्या पोरांना शिकवते! आणि दर आठवड्याला मोजून नव्वद ग्रॅम — व्यसनी माणूस असा मापाने पितो का? टॉवेलला वास येणारच. सगळं कपाट ती वाफ पीत होतं. त्याच दुपारी पिंप थंड शेडमध्ये हलवलं. आठवड्याने तोललं. काटा जवळजवळ हलला नव्हता. निल्या तेव्हा खाली कांदेपोहे करत होता, सगळ्यांसाठी.

म्हणजे मला ठाऊक होतं. तो विमानात बसायच्या सहा दिवस आधी मला नक्की ठाऊक होतं. स्वातीला एक फोन करायचा होता. पण मग सांगावं लागलं असतं, की व्यसन सोडलेला माणूस तू माझ्या भरवशावर पाठवलास आणि मी त्याच्या टॉवेलामागे पाच लिटर दारू ठेवली. नोकरीचीही भीती वाटली. स्वातीच्या नजरेतून उतरायची जास्त वाटली. मी फोन केला नाही.

तो नागपूरला पोचला तेव्हा घराला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. रडत होता. “ओवीची शपथ घेतली ताई, तरी मानून नाही राहिली ती. कोणी सांगितलं तेही सांगत नाही. तू सांग ना तिला. तू तर रोज पाहत होती मला.” मी म्हटलं, सांगते. हो, असं म्हटलं मी. दोन दिवस गेले. मग मीच त्याला फोन करून म्हटलं, “खूप समजावलं रे. ऐकतच नाही ती.”

मी स्वातीला फोन केलाच नव्हता.

त्याला चार वर्षं उलटली. ओवी अकोल्यात शिकते. महिन्यातल्या एका रविवारी निल्या बसने तिला भेटायला जातो, संध्याकाळी परत येतो. स्वातीने तेव्हा दिलेला शब्द पाळलाय, माझं नाव अजून घेतलेलं नाही. निल्याने त्यानंतरही कधी घेतली नाही — आणि मला त्याचा आनंद होतो, तोही लाजिरवाणा आनंद, कारण तो पुन्हा प्यायला असता तर तेही माझ्याच खाती गेलं असतं.

ज्या दिवशी त्याने सोडली, दरवर्षी त्या तारखेला तो पहिला फोन मला करतो. या वर्षीही केला. “पाच वर्षं झाली, ताई.” मी शाब्बास म्हटलं. मग तो म्हणाला, “साऱ्या दुनियेत तू एकटीच, जिनं माझ्यावर भरवसा ठेवला. माझ्यासाठी स्वातीशी भांडली तू.”

मी म्हटलं, “भाऊ आहेस तू माझा.”