दुसरं टेबल

गेल्या शनिवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि ती तर त्या संध्याकाळी माझ्या शेजारीच पैठणीच्या निऱ्या नीट करत उभी होती.

आम्ही फ्रिस्कोत राहतो. मुलीच्या तेव्हाच्या प्राथमिक शाळेत दरवर्षी ‘इंटरनॅशनल नाइट’ असते. देशोदेशीचे पालक जिमच्या हॉलमध्ये एकेक टेबल मांडतात — झेंडा, खाऊ, फोटो. त्या वर्षी टेबलं वाटायचं काम माझ्याकडे होतं. फुकटचा मान, पण मला भलताच चढला होता.

आपल्या मंडळींचा हट्ट — भारताच्या टेबलवर महाराष्ट्र दिसतो कुठे? आपलं वेगळं हवंच. मी नागपूरचा. वेगळ्या विदर्भावरून वाद घालता घालता आमच्या घरी वरणभात थंड व्हायचा. वेगळं असावंसं वाटणं मला कळत नव्हतं, असं कसं म्हणू? उरलेलं शेवटचं टेबल मी महाराष्ट्राला देऊन टाकलं.

मग साबा आली. एरिट्रियाची, तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. हातात वेलदोडा घातलेला मोठा गोल पाव, अजून गरम. तिच्या देशानं इथिओपियापासून सुटायला तीस वर्षं लढाई केली. तीत तिचे वडील गेले. शेवटी स्वातंत्र्यासाठी मतदान झालं, तेव्हा आईचं बोट धरून ती रांगेत उभी होती. हे सगळं तिनं मला एकदा शाळा सुटायची वाट बघताना सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं — हे लक्षात घ्या.

तिनं टेबल विचारलं. आणि मी — अगदी शांतपणे — म्हणालो, ‘‘सॉरी, शाळेचा रूल आहे. शेजारच्या देशांना एकच टेबल. तुम्ही इथिओपियाबरोबर शेअर करा.’’

असा नियम नव्हताच. कॅफेटेरियातून आणखी एक टेबल मिळालं असतं. पण मागायला गेलो असतो, तर भारताची दोन कशी, हे कुणीतरी विचारलं असतं ना?

इथिओपियाच्या बाईनं बिचारीनं लगेच जागा करून दिली. साबानं मुलीच्या हातातला झेंडा घडी करून पिशवीत ठेवला, आणि पाव न कापताच दोघी निघून गेल्या. आमच्या लेझमीला खूप टाळ्या पडल्या. मी फोटो काढत होतो.

मुली आता हायस्कूलात आहेत. शनिवारी साबा पार्किंगमध्ये भेटली, आणि मी सगळं सांगून टाकलं. अडखळत, पण काही न लपवता. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘त्या दुसऱ्या टेबलवर कोणता देश होता?’’

‘‘नो कंट्री,’’ मी म्हणालो. ‘‘जस्ट अस.’’

ती गाडीत बसून निघून गेली. माफ केलं असं म्हणाली नाही, मी मागितलंही नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो — किती हलकं वाटत होतं, सांगता येत नाही. आज रात्री जेवताना बायकोला सांगणार आहे.