बापूसाहेबांच्या खुर्चीचं इंजिन

आमच्या माधवनगरच्या क्लबातल्या गोष्टी सांगायला बसलं की पंचाईत होते. एक ओढावी तर मागून चार बाहेर येतात! म्हणून आज फक्त बापूसाहेबांच्या खुर्चीपुरतंच बोलतो.

क्लब म्हणजे चढाच्या गल्लीच्या टोकाला एक खोली, एक सतरंजी आणि रोज संध्याकाळी मेंढीकोट. बापूसाहेब ग्वाल्हेर दरबारच्या जकात खात्यातून रिटायर झालेले, आमच्यात सगळ्यांत वडील. घर त्याच गल्लीच्या पायथ्याशी. संधिवातानं त्यांचे पाय गेले आणि तेवढासा चढ त्यांना डोंगर झाला. मग आम्ही खुर्चीला बांबू बांधले आणि चौघं मिळून त्यांना खांद्यावरून वर आणू लागलो.

एकदा थंडी कडाक्याची होती. बापूसाहेबांनी डोक्यावरून पांढरी शाल ओढून घेतलेली, वर डुलकी लागलेली. समोरून भैरवगडचा एक छीपा, म्हणजे कापड छापणारा कारागीर, छापील चादरींचं गाठोडं घेऊन उतरत होता. त्यानं आम्हाला पाहिलं, गाठोडं खाली ठेवलं, जोडे काढले आणि काही न बोलता माझ्या जागी खांदा दिला! मी दमलोच होतो, दिला त्याला बांबू.

क्लबाच्या दाराशी त्यानं हळूच विचारलं, "किस घर के थे?"

शालीतून आवाज आला, "अरे भैया, अभी ज़िंदा हूँ! पत्ते खेलने जा रहा हूँ!"

छीपा जो पळाला, तो गाठोडं आणि जोडे विसरून पळाला.

आम्ही पोट धरून हसलो. बापूसाहेब मात्र हसले नाहीत. "चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार," ते म्हणाले, "आणि ते काही क्लबात नाही. स्वतःचं स्वतः येता आलं तर येईन. नाहीतर तुमचं तुम्ही खेळा!"

दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. वरून आम्हाला त्यांची खिडकी दिसायची. संध्याकाळी ते तिथे बसलेले असत. खरं सांगतो, तिकडे बघवत नसे.

* * *

शेवटी आमच्या नानासाहेबांनी महूच्या फौजी लिलावातून चाकांची खुर्ची पैदा केली. मागे दोन मोठी चाकं, पुढे एक लहान. नानासाहेब पेशानं वकील, अंगानं दोन वकील! सायकलला लावायचं एक छोटं पेट्रोल इंजिनही त्यांनीच मिळवलं. आता प्रश्न उरला तो एवढाच, की इंजिन पुढच्या चाकाला लावायचं की मागच्या?

नाना म्हणाले, "पुढे! टांग्याचा घोडा कधी मागे बांधलेला बघितलाय?"

बापूसाहेब म्हणाले, "मागे! नोकरीत मला प्रत्येक बढती मागून ढकलूनच मिळाली. मला तीच सवय आहे."

देवास गेटच्या रमजानी मिस्त्रीला विचारलं. नाना एकटे गेले तेव्हा तो म्हणाला, "आगे ही सही है, वकील साब." बापूसाहेबांच्या घरी आला तेव्हा म्हणाला, "दम तो पीछे में ही है, बापू साब."

मग आम्ही दोघांना समोरासमोर बसवून त्याला बोलावलं. बिचाऱ्याला घाम फुटला. "तो फिर साब... बीच में लगा दूँ?"

बापूसाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "बीच में ये बैठते हैं!"

* * *

त्या काळात आमच्या मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायची आणि उन्हाळ्यात इंदूरला. दोन्हीकडचे खूश! मी म्हटलं, "तसंच करू या. उन्हाळ्यात इंजिन पुढे, हिवाळ्यात मागे."

नाना म्हणाले, "मास्तर, तिथे दर बदलीला फायली हरवतात. इथे नट हरवतील!"

पुढे राज्यांची पुनर्रचना ठरली. राजधानी ना ग्वाल्हेर, ना इंदूर, एकदम भोपाळ! नानांनी पेपर वाचून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "रमजानी पहिल्यापासून हेच सांगत होता, बीच में!"

* * *

पहिला मान पुढच्या चाकाला मिळाला, कारण वाद घालण्यात वकिलापुढे कोण टिकणार?

सपाटीवर खुर्ची झकास पळाली. चढ लागला मात्र, पुढचं चाक जागच्या जागी गरागरा फिरू लागलं. वजन सगळं मागे बापूसाहेबांचं, चाकाला जमीन धरवेना! गल्लीतली सगळी धूळ नानांच्या धोतरावर. मग खुर्ची हळूहळू मागे घसरत थेट स्वतःच्या दारात जाऊन थांबली.

काकूंनी दार उघडलं. "अगंबाई! आज लवकर आलात?"

* * *

मग इंजिन मागे गेलं. आता जोर भरपूर, पण चढावर पुढचं चाक उचलायचं आणि बापूसाहेबांचे पाय आकाशाकडे! खुर्ची उलटू नये म्हणून रमजानीनं पाठीमागे पांगुळगाड्याची दोन चाकं ठोकली. नानांना ते पसंत नव्हतं. ते सरळ पुढच्या पायपट्टीवर जाऊन बसले.

काय सांगू, खुर्ची रुबाबात वर चढली!

"बघा," नाना म्हणाले, "शेवटी पुढे दम लागतोच!"

बापूसाहेबांनी तिथूनच खुर्ची वळवली. "मला स्वतः यायचंय. नान्याला पोचवायचं नाही!" आणि गेले की परत. क्लबाच्या दारातून! मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता.

* * *

आणि मग दसरा आला.

काकूंनी खुर्चीची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं. झेंडूचा हार चाकात अडकेल म्हणून तो बापूसाहेबांच्याच गळ्यात घातला. आम्ही सोनं द्यायला गेलो तर हे पांढरंशुभ्र धोतर नेसून, पांढरं उपरणं घेऊन तयार. म्हणाले, "इथे नाही. वर या, क्लबात देतो."

इंजिन सुरू झालं. नाना पायपट्टीकडे सरकले, तर बापूसाहेबांनी काठी उगारली. "कुणी हात लावायचा नाही!"

चढ लागला. पुढचं चाक उचललं. खुर्ची मागे कलली, पांगुळगाड्याच्या चाकांवर टेकली आणि तशीच वर निघाली! बापूसाहेब पार उताणे. डोळे आभाळाकडे, गळ्यात हार, आणि आपट्याची पानं उडू नयेत म्हणून दोन्ही हात छातीवर. मागून आम्ही सगळे खाली माना घालून चाललेलो, कारण हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात वरून तोच भैरवगडचा छीपा उतरला, पाठीवर गाठोडं घेऊन.

तो थबकला. गाठोडं खाली ठेवलं. जोडे काढले. हात जोडून पुढे आला, खांदा द्यायला वाकला, तर खाली बांबू नाही, माणूस नाही, कुणीच नाही!

"बाबूजी," तो घाबरून म्हणाला, "आज अकेले ही?"

बापूसाहेब आभाळाकडे बघतच ओरडले, "हाँ भैया! आज कंधा नहीं चाहिए!"