दार बंद करणारी ओळ

सदर इसम, वय वर्षे चोपन्न, बांधा सडपातळ, चष्मा दुहेरी काचेचा. व्यवसाय, लिफ्ट-नियंत्रण प्रणालीतील गृहीतकांची धावत्या अवस्थेत पडताळणी. वर्तणूक समाधानकारक, परंतु स्वतः कशानेही समाधान न पावणारा. ऑफिसात त्यांना पाठीमागे शंकासूर म्हणत, तोंडावर काका.

काका लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम लिहीत. ज्या भाषेत लिहीत, तिच्या तयार सामानात तपासणीची एक ओळ मिळते. तिला फक्त एखादी गोष्ट सांगून ठेवायची: लिफ्ट इमारतीपेक्षा उंच गेलेली नाही, आतलं वजन उणे नाही. प्रोग्रॅम चालताना ती गोष्ट खोटी निघाली, की तो जागच्या जागी थांबतो आणि पडद्यावर आपण लिहिलेला निरोप उमटतो. शहाणी माणसं अशा वीस-पंचवीस ओळी लिहून गप्प बसतात. काकांनी एकोणीस वर्षांत तीनशे अकरा लिहिल्या होत्या. प्रत्येकीचा निरोप एकच: ‘असं व्हायला नको होतं. झालं असेल तर मला बोलवा.’

घरीही तेच. बायकोने कुलूप लावलं, की यांचं सुरू, “ओढून पाहिलंस?”

“ओढून पाहिलं, लोंबकळून पाहिलं. आता त्याच्याकडून शपथपत्र लिहून घेऊ?”

मग एका इमारतीत एक दंतवैद्य आणि त्यांचा पेशंट चाळीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकले. पेशंटने तेवढ्या वेळात दात काढायचा बेत रद्द केला. तक्रार आली. मुलीच्या वयाच्या मॅडमनी काकांना बोलावलं.

“काका, वजन उणे अर्धा किलो दिसलं म्हणून लिफ्ट थांबवायची?”

“उणे अर्धा किलोचा माणूस माझ्या पाहण्यात नाही.”

“अहो, काटा सरकला असेल जरा! गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या प्रोग्रॅममधून तुमच्या तपासण्या बंद. तशी सोय आहे ना?”

होती. भाषेनेच दिलेली. एक खटका दाबला, की तपासणीच्या सगळ्या ओळी कधी लिहिल्याच नव्हत्या अशा गळून पडतात. ही सोय करणाऱ्याला झोप कशी लागते, हा काकांच्या मते संशोधनाचा विषय होता.

ऑफिसच्या कोपऱ्यात कमरेएवढी नमुन्याची लिफ्ट होती. खटका दाबून तिच्यावर चाचणी घेतली. लिफ्ट दार सताड उघडं ठेवून दिमाखात दुसऱ्या मजल्यावर गेली.

“बापरे!” मॅडम म्हणाल्या. “काका, तुमचंच खरं. राहू देत तुमच्या तपासण्या, मी वर बोलते.” कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

काका जागेवर आले आणि त्यांना चैन पडेना. तपासणी नुसती बघते. राखणदार काढला म्हणून दार आपण होऊन उघडं कसं राहील? त्यांनी शोधलं, आणि सापडलं. पहिल्या वर्षातली ओळ. तिच्यात त्यांनी नुसतं ‘दार बंद आहे ना’ एवढंच विचारलं नव्हतं. ‘दार बंद कर आणि झालं का सांग’ असं लिहिलं होतं. ओळ गळली, तिच्याबरोबर कामही गळलं. ही चूक करू नका, असं नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात सांगतात. सांगायचं काम काकांकडेच होतं.

आता गुपचूप ती ओळ दुरुस्त केली, तर चिटपाखरालाही कळणार नव्हतं आणि तीनशे अकराच्या तीनशे अकरा शाबूत राहणार होत्या. काकांनी पंधरा मिनिटं चष्मा पुसला. मग उठले.

“मॅडम, तपासण्या काढल्या म्हणून दार उघडं राहिलेलं नाही. दार बंद करायचं काम एका गाढवाने तपासणीच्याच पोटात लिहून ठेवलं होतं.”

“कुठल्या?”

“मी. फार आत्मविश्वास होता तेव्हा.”

मॅडम म्हणाल्या, “काका, बोलला नसतात तर जिंकला होतात की हो.”

“हो ना. पण ते तपासलं, खोटं निघालं.”

मॅडम हसल्या. “चाळीस ठेवा. कुठल्या ते तुम्हीच ठरवा. वजनाची नको.”

“पन्नास.”

“चाळीस, काका.”

संध्याकाळी अहवालात मॅडमनी कारण लिहिलं: ‘पडताळणी-विधानान्तर्गत कार्यकारी आदेशाचे अनवधानाने झालेले विलोपन.’ काकांनी ते वाचलं, खोडलं आणि खाली लिहिलं: ‘चूक माझी. दार आता बंद होतं.’