ताळा करून पाह्य

संध्याकाळी तूरडाळ पाखडायला घेतली आणि तिचा कोरडा भुसा नाकात गेला. उद्या लेकीचा गणिताचा पेपर, म्हणून ती समीकरणं घेऊन शेजारीच बसलेली. मी वाशीमच्या ऑफिसातून थकून आलेली. डोळे आपोआप मिटत होते.

बाबांच्या सदऱ्याला हाच वास यायचा. डाळ मिलमधून आले की हातपाय धुऊन माझ्याजवळ बसायचे. "तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. घाई कायले करून राह्यली? एकेक पायरी लिव." विसातून पाच गेले, उरलेल्या पंधराला तीननं भागलं, एक्स पाच आला. मी उठू लागले की म्हणायचे, "बस. आता ताळा करून पाह्य." मी उत्तर पुन्हा समीकरणात घालून पडताळत बसायची. बाबा भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायचे. मला वाटायचं, तेही मनात ताळा करताहेत.

"आई, आलं उत्तर."

"ताळा कर," म्हणत मी भिंतीला टेकले.

"केला. जुळला."

"अजून एकदा करून पाह्य, माय," मी डोळे न उघडताच म्हटलं.