सासऱ्यांनी केलेलं नाचणीचं सत्त्व

माझ्या मुलीला पहिला घास तिच्या मामाने भरवला आणि तिने तो मामाच्या नव्या सदऱ्यावर परत केला.

उष्टावणासाठी माझा भाऊ कर्जतहून पांढरा सदरा घालून आला होता. चांदीची वाटी माझ्या आईने पाठवलेली, तांदळाची खीर सासूबाईंनी शिजवून शिजवून मऊ केलेली, मुहूर्त भटजींनी काढलेला. मुलगी सहा महिन्यांची होती आणि तिला यातलं काहीच मान्य नव्हतं. भावाने दुसरा घास पुढे केला. तिने ओठ मिटले. तिसऱ्या घासाला तिने मान फिरवली आणि गोठ्याकडे बघत बसली.

"ताई, हिला भूक नाहीये," भाऊ म्हणाला.

"भूक हाय, अक्कल नाय. येईल," सासूबाई म्हणाल्या.

मग खीर आम्ही मोठ्या माणसांनी संपवली. चांगली झाली होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पोशीरच्या शाळेत शिकवत होते आणि त्याच गावात सून म्हणून राहत होते. नवरा खोपोलीला एका कारखान्यात पाळीवर जायचा, तिथेच दोघातिघांत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. घरात सासू, सासरे, मी, मुलगी आणि दोन म्हशी. सासरे भातशेती करायचे. ते माझ्याशी फारसं बोलत नसत. गाव मला 'बाई' म्हणायचं म्हणून तेही मला 'बाई' म्हणायचे, आणि शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं 'तुमी' म्हणायचे. स्वयंपाकघरात यायचं झालं तर आधी खोकायचे. त्यांना खोकला नव्हता.

उष्टावण झाल्यापासून सासूबाईंनी मुलीला खायला घालण्याचं काम अंगावर घेतलं. भाताची पेज झाली, वरणावरचं पाणी झालं, कुस्करलेला मऊ भात झाला, नाचणीचं सत्त्व झालं. काऊ झाला, चिऊ झाली, हम्मा झाली. मुलगी काऊकडे बघायची, चिऊकडे बघायची, तोंड मात्र उघडायची नाही. ती रडतही नसे. रडली असती तर निदान तोंड उघडलं असतं.

श्रावणात नणंदेच्या सासरहून निरोप आला. तिला दिवस गेले होते, पहिलीच वेळ, आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. तिचं सासर खालापूरच्या बाजूला. तिथे करणारं कुणी नव्हतं. सासूबाईंनी पातळं गाठोड्यात बांधली आणि निघताना सासऱ्यांना उंबऱ्यात उभं करून सांगितलं, "लावणी झाली हाय. आता तुमाला शेतावर बसून गवत मोजायचं काम नाय. बाई शाळेत गेली की पोरीजवळ थांबायचं. डब्यात सत्त्व हाय. मधल्या सुट्टीत बाई येऊन भरवंल. तुमी फकस्त तिला पाळण्यातून पडू द्यायची नाय."

"बरं," सासरे म्हणाले.

"मी काय म्हणाले ते ऐकलं का?"

"बरं म्हनालो ना."

दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी येऊन सत्त्वाचा डबा उघडला तर आत बुरशी. झाकण नीट बसलं नव्हतं आणि हवा पावसाळी. पिठाचे गोळे झाले होते आणि कुबट वास येत होता. मी म्हटलं, रविवारी नवीन करते. सासऱ्यांनी डबा हातात घेतला, वास घेतला.

"हे म्हशीला पन नाय घालायचं," ते म्हणाले आणि मागे जाऊन डबा उकिरड्यावर रिकामा करून आले. मग त्यांनी पडवीतून पावसाकडे पाहिलं. म्हणाले, "रविवार लांब हाय. तुमी शाळेत जा. मी बघतो."

मला वाटलं, ते कुणा शेजारणीला सांगणार. संध्याकाळी मी घरी आले तर नाचणी भिजत घातलेली होती. आमच्याकडे डोंगरातली ठाकरीण नाचणी आणून द्यायची, ती मडक्यात असे. त्यांनी ती निवडून, धुऊन, मोठ्या पातेल्यात भिजवली होती. पुढच्या दिवशी त्यांनी ती फडक्यात बांधली, फडकं भाताच्या पेंढ्यात पुरलं आणि वर पाटा ठेवला. भाताच्या बियाण्याला मोड आणायला ते दर वर्षी हेच करत. फक्त तेव्हा गोणी असायची, आता फडकं होतं. फडकं म्हणजे माझा धुतलेला परकर होता हे मला मोड आल्यावर कळलं.

मोड फार सुंदर आले. ते त्यांनी मला दाखवले, म्हणजे फडकं उघडून माझ्यासमोर धरलं आणि परत बांधलं.

पुढची अडचण वाळवण्याची. ऊन नव्हतंच. त्यांनी चुलीच्या वर सूप टांगलं, त्यात नाचणी पसरली आणि खाली दिवसभर मंद जाळ ठेवला. घरभर धूर झाला. मुलीला शिंका येऊ लागल्या तेव्हा ते तिला कडेवर घेऊन पडवीत जाऊन बसले, थोड्या थोड्या वेळाने आत जाऊन नाचणी हलवून येत. शेजारची काकू कुंपणापलीकडून म्हणाली, "भावजी, घर पेटलं काय?"

"नाय. वाळवण हाय."

नाचणी वाळली आणि ते जात्यावर बसले. आमच्या गावात तोवर कुणी बाप्याला जात्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी दार लोटून घेतलं, पण जात्याची घरघर लपत नाही. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही घरी होते. मी म्हटलं, "मी दळते ना." ते म्हणाले, "तुमी पोरीला धरा." एवढ्यात खिडकीत काकू आणि तिच्यासोबत आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, ओवी म्हणा की!"

सासऱ्यांनी वर पाहिलं नाही. "पीठ गाण्याशिवाय पन पडतं," ते म्हणाले आणि दळत राहिले.

पीठ त्यांनी जुन्या धोतराच्या पदरातून चाळलं. इतकं बारीक सत्त्व मी पुढे कधीच पाहिलं नाही. धुराचा वास मात्र त्याला होता तो होताच.

शिजवण्याचं काय ते त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. पहिल्या दिवशी मी मधल्या सुट्टीत आले तेव्हा पातेल्यात चॉकलेटी रंगाचा एक गोळा होता आणि त्यात पळी उभी होती. धरलेली नव्हती, आपोआप उभी होती. मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ आवळून घेतले. या वेळी मला तिचं पटलं. टाकवेना, म्हणून मी तो गोळा डब्यात घालून शाळेत नेला आणि पाण्यात कालवून वर्गातला फाटलेला महाराष्ट्राचा नकाशा चिकटवला. माझी बदली होईपर्यंत तो नकाशा सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सत्त्व इतकं पातळ झालं की वाटीचा तळ दिसत होता. तिसऱ्या दिवशी गाठी झाल्या. मी सांगितलं, आधी गार पाण्यात कालवायचं, मग चुलीवर ठेवून ढवळत राहायचं, मग दूध आणि गुळाचा खडा. त्यांनी मान हलवली. त्यापुढे सत्त्व नीट होऊ लागलं. मुलीला त्याने काही फरक पडला नाही. मी मांडीवर घेऊन चमचा पुढे करायचे, ती तोंड फिरवायची, सत्त्व माझ्या पदरावर यायचं आणि मी तशीच पदर धुऊन वर्गावर जायचे. मुलगी हडकली होती. नवरा सुट्टीला आला तेव्हा तिचे पाय हातात घेऊन बघत बसला. मी म्हटलं, पुढच्या वेळी आलात की नेरळच्या डॉक्टरांकडे नेऊ. रात्री मला रडू आलं. वर्गात पन्नास पोरं माझं ऐकत होती आणि घरातलं एक ऐकत नव्हतं.

आणि मग एके दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी आले तर पडवीतून सासऱ्यांचा आवाज येत होता. मी आधी थबकलेच. ते कुणाशी तरी सलग बोलत होते. कुणी पाहुणे आले असतील असं वाटून मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कोपऱ्यावरून डोकावले.

पाहुणा कुणी नव्हता. मुलगी भिंतीला टेकवलेल्या घोंगडीत बसली होती, दोन्ही बाजूंना उशा. समोर सासरे मांडी घालून बसले होते, हातात सत्त्वाची वाटी. ते स्वतः खात होते आणि तिला बांधाची हकिगत सांगत होते. आमच्या खालच्या खाचराला लागून एका भाऊबंदाचं खाचर होतं आणि दर लावणीला तो आमचा बांध थोडाथोडा कोरायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मुलीला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हंजे बघ," सासरे म्हणत होते, "सरळ नाय कोरत तो. तसं केलं तर दिसंल ना आपल्याला. चिखल काढताना काढतो. हळूच." एक चमचा त्यांनी तोंडात घातला. "मी इचारलं, का रं, बांध बारीक झाला? तर म्हनतो, पावसानं गेला. पाऊस काय फकस्त आपल्याच बाजूनं पडतो?" आणखी एक चमचा.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. चमचा वाटीतून निघाला की तिची नजर निघायची, तोंडात गेला की तिथे थांबायची. सासऱ्यांनी तिला एकदाही 'खा' म्हटलं नाही. तिच्याकडे चमचा केलाही नाही. वाटी अर्ध्यावर आली तेव्हा ती पुढे झुकली, दोन्ही हात जमिनीवर आपटले आणि तोंड उघडलं.

सासरे बोलायचे थांबले. त्यांनी चमचा तांब्यातल्या पाण्याने धुतला, भरला आणि तिच्या तोंडात घातला. तिने गिळलं. आणि परत तोंड उघडलं.

"तर मी काय सांगत होतो," सासरे म्हणाले.

मी कोपऱ्याआडच उभी राहिले. पुढे गेले असते तर ते गप्प झाले असते. वाटी संपल्यावर मी खोकले आणि मग पडवीत गेले.

"खाल्लं तिनं," ते म्हणाले. "तुमी जेवून घ्या. शाळेची घंटा होईल."

मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही. दुपारभर मी वर्गाला पाढे म्हणायला लावले आणि एकही चूक मला ऐकू आली नाही.

तेव्हापासून ती रोज खाऊ लागली, पण सासऱ्यांच्या हातून आणि बांधाच्या हकिगतीबरोबर. मी नुसतं भरवायला गेले तर ओठ बंद. बांध संपला की सासरे तिला पाटाच्या पाण्याची पाळी सांगायचे, मग गेल्या वर्षी भाव पडलेल्या बैलबाजाराची हकिगत. सत्त्वापाठोपाठ मऊ भात आला, वरण आलं, उकडलेला दुध्या आला. गणपतीला नवरा आला तेव्हा तिचे पाय बघून त्याने विचारलं, "कुठल्या डॉक्टरला दाखवलंस?" मी पडवीकडे बोट केलं. त्याला ती थट्टा वाटली.

नणंद बाळंत झाली, मुलगा झाला, सगळं सुखरूप झालं आणि सासूबाई परत आल्या. आल्या आल्या त्यांनी गाठोडं टाकलं, हातपाय धुतले आणि नातीला मांडीवर घेऊन वाटी मागितली. काऊ, चिऊ, हम्मा. नातीने ओठ मिटले. सासूबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. मग वाटी खाली ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन भांडी घासू लागल्या. ती भांडी घासलेलीच होती.

सासरे मागे गेले. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

"तिला बांधाचं सांगावं लागतं," ते म्हणाले.

"कसल्या बांधाचं?"

"आपल्या. खालच्या खाचराच्या."

सासूबाईंनी भांडं आपटलं. "पोरीला भरवताना ह्ये सांगता? कसं सांगता?"

सासऱ्यांनी सांगून दाखवलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्येनं विहिरीवरचा आंबा उतरवला त्ये कुठं सांगितलंत? आन त्येच्या बायकोनं मला काय म्हटलं त्ये? अर्धंमुर्धं सांगता पोरीला."

त्या पदराला हात पुसत पडवीत आल्या, नातीसमोर बसल्या आणि सुरुवातीपासून सुरू झाल्या. हातवारे करून, आवाज काढून, भाऊबंदाच्या बायकोची चाल करून दाखवून. मुलीने वाटी संपवली आणि दुसरी मागितली. सासरे दाराशी उभे राहून ऐकत होते. दोनदा त्यांनी दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, पण सासूबाईंनी हाताने गप्प केलं. त्यानंतर भरवण्याचं काम सासूबाईंकडे परत गेलं. सासरे म्हशींकडे गेले. मुलगी पडवीत आली की तेवढ्यापुरतं ते तिच्याशी बोलायचे, माझ्याशी पहिल्यासारखंच कमी.

सत्त्व करायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. काकूच्या सुनेला मूल झालं तेव्हा काकू खिडकीशी न थांबता दारातून आली आणि म्हणाली, "भावजी, थोडं आमच्यासाठी पन करा." त्यांनी केलं. या वेळी ऊन होतं, धुराचा वास आला नाही. काकूच्या नातवाने ते तोंडातून काढून टाकलं. काकू म्हणाली, पहिल्यासारखं नाय झालं.

तीन वर्षांनी मला मुलगा झाला. उष्टावणाच्या आधीच सासऱ्यांनी नाचणी पेंढ्यात पुरली होती. भाऊ या वेळी जुना सदरा घालून आला. मुलाने खिरीचा पहिला घास गिळला, दुसरा गिळला, वाटी ओढली आणि चांदीच्या चमच्याला हिरड्यांनी घट्ट धरून ठेवलं. पुढच्या आठवड्यात त्याने पेज खाल्ली, भात खाल्ला, सत्त्व खाल्लं आणि नजर चुकवून थोडी मातीही खाल्ली. त्याला काही सांगावं लागलं नाही.

सासरे त्याच्यासमोर एकदा वाटी घेऊन बसले. त्यांनी बोलायला तोंड उघडायच्या आत वाटी रिकामी झाली. ते वाटी माझ्याकडे देत म्हणाले, "ह्याच्याशी बोलायला येळच मिळत नाय."